ट्रान्सप्लांटनंतर नव्याने उद्भवणारी अन्नाची ॲलर्जी: ओळखण्यापासून पुन्हा तपासण्यापर्यंत

आयुष्यभर अंडी खाल्लेला माणूस. लिव्हर ट्रान्सप्लांटला काही महिने झालेले, रिपोर्ट चांगले, भूक परत आलेली. एके दिवशी अंडं खाल्ल्यावर दहा मिनिटांत ओठ सुजतात आणि मानेवर पित्त उठतं. घरातल्यांचा पहिला संशय औषधांवर जातो, दुसरा इन्फेक्शनवर. अंड्याचं नाव कुणी घेत नाही, कारण ते तर लहानपणापासून चालत आलेलं असतं.

ट्रान्सप्लांटनंतर 'आधी चालत होतं' या वाक्यावर विसंबता येत नाही. रोजच्या खाण्यातल्या पदार्थाची ॲलर्जी या काळात नव्याने सुरू होऊ शकते, आणि ती वेळेत ओळखली तर नीट सांभाळता येते. गडबड दोन्ही टोकांना होते. काही घरांत महिनोन्महिने लक्ष जात नाही. काही घरांत भीतीपोटी एकेक करत दूध, अंडी, गहू, डाळी सगळंच बंद होतं, आणि आधीच अशक्त झालेल्या पेशंटचं पोषण ढासळतं. दुसऱ्या टोकाचं नुकसान हळू होतं, म्हणून लवकर दिसत नाही. माझ्या मते ते पहिल्याइतकंच गंभीर आहे. या लेखातल्या पायऱ्या ही दोन्ही टोकं टाळण्यासाठी आहेत.

हे होतं कसं

वाटा दोन आहेत. तुमचा पेशंट कोणत्या वाटेने आला असेल, याचा अंदाज पुढच्या निर्णयांना उपयोगी पडतो.

पहिली वाट दात्याकडून येते. अवयवासोबत दात्याच्या रोगप्रतिकारक पेशीही येतात. दात्याला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, तर शेंगदाण्याविरुद्धच्या आयजीई अँटिबॉडी (ॲलर्जीची रिॲक्शन घडवणारी प्रथिनं) आणि त्या तयार करणाऱ्या पेशी नव्या शरीरात पोचू शकतात. याचं ठळक उदाहरण १९९७ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदलं गेलं. शेंगदाण्याच्या ॲलर्जीने मृत्यू झालेल्या तरुणाचं लिव्हर आणि एक किडनी एकाच पेशंटला दिली होती. त्या पेशंटला नंतर शेंगदाणे खाल्ल्यावर रिॲक्शन आली. त्याच दात्याची दुसरी किडनी आणि स्वादुपिंड मिळालेल्या पेशंटला मात्र काहीच झालं नाही. २००३ साली ऑस्ट्रेलियातून आणखी एक केस आली: लिव्हर मिळाल्यानंतर पंचविसाव्या दिवशी काजू खाल्ल्यावर तीव्र रिॲक्शन. तिथेही दात्याचा मृत्यू शेंगदाण्याच्या ॲलर्जीने झालेला होता.

लिव्हरचाच संबंध वारंवार का येतो? या अवयवात रोगप्रतिकारक पेशी भरपूर असतात. शिवाय आतड्यातून शोषलेले घटक घेऊन येणारं रक्त आधी लिव्हरमध्येच येतं, आणि अन्नातल्या प्रथिनांना 'हे आपलंच, याच्याशी भांडायचं नाही' हे शरीराने शिकण्यात लिव्हरचा वाटा मोठा असतो. किडनीच्या पेशंटलाही बहुतेकदा तीच औषधं मिळतात, पण अन्नाची नवी ॲलर्जी त्यांच्यात क्वचित दिसते. हृदय, फुप्फुस आणि आतड्याच्या ट्रान्सप्लांटनंतरही अशा नोंदी आहेत.

दुसरी वाट औषधांची. दात्याला कसलीच ॲलर्जी नसताना पेशंटला ती होते, आणि प्रत्यक्षात हीच वाट जास्त वापरातली आहे. मुख्य संशय टॅक्रोलिमसवर आहे. रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारणं, रोखण्यासाठी हे औषध काही प्रकारच्या टी-पेशींना लगाम घालतं, पण सगळ्यांना सारखा नाही. ॲलर्जीकडे झुकणाऱ्या पेशी त्यातल्या त्यात मोकळ्या राहतात, आणि ॲलर्जीला आवर घालणाऱ्या नियामक पेशी कमजोर पडतात. त्यात टॅक्रोलिमसमुळे आतड्याचं अस्तर जास्त पाझरू लागतं आणि अन्नातली प्रथिनं अर्धवट पचलेल्या रूपात आत शिरतात. सायक्लोस्पोरिन या त्याच कामाच्या दुसऱ्या औषधावर असलेल्या पेशंटमध्ये हा प्रकार कमी दिसतो. ॲसिडिटीच्या गोळ्याही भर घालू शकतात, कारण पोटातलं आम्ल कमी झालं की प्रथिनांचं पचन अर्धवट राहतं. ट्रान्सप्लांटनंतर या गोळ्या बहुतेकांना सुरू असतात. म्हणून 'ही गोळी अजून लागते का?' एवढा प्रश्न फॉलोअपला जरूर विचारावा. स्वतःहून मात्र ती बंद करू नये.

बोन मॅरोचं गणित वेगळं आहे. दुसऱ्याचा मॅरो घेतला की कालांतराने पेशंटची संपूर्ण रोगप्रतिकारशक्तीच दात्याची होते. दात्याची ॲलर्जी पेशंटकडे गेल्याच्या नोंदी १९८८ पासून आहेत. उलटही घडतं: जन्मजात प्रतिकारशक्तीच्या आजारासाठी मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या मुलाची आधीची शेंगदाण्याची ॲलर्जी नाहीशी झाल्याची नोंद २००५ सालची आहे. ज्यांना स्वतःच्याच पेशी परत दिल्या जातात, त्यांच्यात दात्याचा प्रश्न येत नाही. पण त्यांनाही रक्त, प्लेटलेट, प्लाझ्मा वारंवार द्यावा लागतो, आणि रक्तघटकांतूनही आयजीई अँटिबॉडी येऊ शकतात. २०१५ साली कॅनडातून नोंदलेल्या केसमध्ये एका लहान मुलाला रक्तघटक दिल्यानंतर मासे आणि शेंगदाण्याची ॲलर्जी झाली आणि काही महिन्यांत ती आपोआप ओसरली.

जास्त सावध कोणी राहायचं? सगळ्यांत आधी लहान मुलांच्या पालकांनी, विशेषतः पहिल्या-दुसऱ्या वर्षात लिव्हर ट्रान्सप्लांट झालेल्या बाळांच्या. त्यांना कित्येक पदार्थांची पहिली ओळखच टॅक्रोलिमस सुरू असताना होते. घरात दमा, एक्झिमा किंवा ॲलर्जी असेल तर धोका वाढतो. मोठ्या माणसांत प्रमाण कमी आहे, पण शून्य नाही. बहुतेक ॲलर्जी ट्रान्सप्लांटनंतरच्या पहिल्या वर्ष-दीड वर्षात दिसून येते. उशिराही येऊ शकते.

पहिली पायरी: दात्याची माहिती विचारा

अवयव कोणाचा हे सहसा सांगितलं जात नाही, आणि ते योग्यच आहे. पण दात्याला अन्नाची किंवा औषधाची तीव्र ॲलर्जी होती का, ही वैद्यकीय माहिती विचारता येते. डिस्चार्जच्या वेळी कोऑर्डिनेटरला विचारा आणि उत्तर फाइलमध्ये लिहून घ्या. दाता नात्यातला असेल तर स्वतः बसून विचारा: कोणता पदार्थ, काय झालं होतं, किती वेळात, इंजेक्शन द्यावं लागलं का. 'तिला शेंगदाणे सोसत नाहीत' एवढ्यावर थांबू नका. पोटात गॅस होणं वेगळं आणि घसा सुजणं वेगळं.

दात्याला ॲलर्जी असणं हे अवयव नाकारण्याचं कारण नसतं. अवयवाचा फायदा या धोक्यापेक्षा फार मोठा असतो. माहिती असेल तर तो पदार्थ तपासणी होईपर्यंत बाजूला ठेवायचा, एवढंच. आणि उलट दिशेनेही माहिती पोचली पाहिजे. तुमच्या पेशंटला रिॲक्शन आली तर ट्रान्सप्लांट सेंटरला कळवा. एका दात्याचे अवयव अनेकांना गेलेले असतात, आणि सेंटर बाकीच्यांना वेळीच सावध करू शकतं.

दुसरी पायरी: चटकन येणारी रिॲक्शन आणि तिच्यावरचे उपचार

खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसणारी लक्षणं अशी: ओठ, पापण्या किंवा जीभ सुजणं, अंगावर पित्त उठणं, तोंडात खाज, अचानक उलट्या, पोटात कळ, खोकल्याची उबळ, घरघर, आवाज बसणं, चक्कर. लहान मूल सांगू शकत नाही. ते एकदम गप्प होतं, जीभ चोळतं, कान ओढतं, अंग टाकून देतं किंवा पांढरं पडतं. ट्रान्सप्लांटच्या मुलांत चेहऱ्याची सूज हे फार वेळा पहिलं लक्षण असतं.

फक्त थोडं पित्त उठलं असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेलं अँटिहिस्टामिन द्या आणि पेशंटजवळून हलू नका. मात्र सेटिरिझिन आणि लिव्होसेटिरिझिन किडनीवाटे बाहेर पडतात. किडनीचं काम कमी असेल तर डोस कमी करावा लागतो. म्हणून हा डोस घटना घडण्याआधीच ठरवून घ्यावा.

श्वासाला त्रास, घसा आवळल्यासारखा वाटणं, आवाज बदलणं, चक्कर किंवा शुद्ध हरपणं यांपैकी काहीही दिसलं, किंवा त्वचेवरच्या लक्षणांबरोबर सतत उलट्या सुरू झाल्या, तर ती ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी ठरू शकणारी रिॲक्शन, समजायची. तिच्यावर पहिलं औषध एकच: ॲड्रेनलिन. अँटिहिस्टामिन देऊन वाट बघण्यात मोलाची मिनिटं जातात.

इंजेक्शन मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला, स्नायूत द्यायचं. गरज पडली तर कपड्यावरूनही. डोस वजनाच्या दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम असतो. मोठ्यांना एका वेळी जास्तीत जास्त ०.५, मुलांना ०.३ मिलिग्रॅम. ऑटोइंजेक्टर (डोस भरलेलं तयार इंजेक्शन) मिळत नसेल तर डॉक्टरांकडून ॲम्प्यूल, सिरिंज आणि तुमच्या पेशंटसाठी नेमके किती मिलिलिटर, हे कागदावर लिहून घ्या आणि त्यांच्यासमोर दोन-तीनदा भरून दाखवा. घाबरलेल्या हातांना दशांश चिन्ह दिसत नाही.

इंजेक्शननंतर पेशंटला आडवं झोपवा, पाय उंच ठेवा. धाप लागली असेल तर टेकवून बसवा, उलट्या होत असतील तर कुशीवर वळवा. उभं करू नका, चालवत गाडीपर्यंत नेऊ नका, कारण एकदम उभं राहिल्याने रक्तदाब कोसळू शकतो. रुग्णवाहिका बोलवा. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, कारण काही तासांनी रिॲक्शन उलटून येऊ शकते.

पालक हमखास विचारतात, की ॲड्रेनलिनने नव्या अवयवाला इजा होईल का? अवयवाला खरा धोका ॲनाफिलॅक्सिसमध्ये रक्तदाब पडून त्याचा रक्तपुरवठा कमी होण्याचा आहे. ॲड्रेनलिन तोच रक्तदाब सावरतं. ॲनाफिलॅक्सिस असताना ते देऊ नये, असं ट्रान्सप्लांटमुळे कधीच होत नाही.

दवाखान्यात पोचल्यावर तीन गोष्टी न विचारता सांगा. ट्रान्सप्लांट झालेलं आहे आणि कोणती औषधं सुरू आहेत. मेटोप्रोलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर गोळी सुरू आहे का, कारण तिच्यामुळे ॲड्रेनलिनचा असर कमी होऊ शकतो आणि डॉक्टरांना ग्लुकागॉन हे दुसरं औषध वापरावं लागू शकतं. आणि ट्रिप्टेजच्या, म्हणजे ॲलर्जीच्या रिॲक्शनमध्ये रक्तात वाढणाऱ्या रसायनाच्या, तपासणीसाठी रक्त घेता येईल का. हे रक्त रिॲक्शननंतर पहिल्या दोन-तीन तासांत घेतलं तरच अर्थ असतो. नंतर निदानावरून वाद होतात, तेव्हा हा एक आकडा फार कामी येतो. मात्र अन्नाच्या रिॲक्शनमध्ये तो कधीकधी नॉर्मलही येतो, त्यामुळे नॉर्मल आकड्यावरून ॲलर्जी नव्हती असं म्हणता येत नाही.

आणि हे विसरू नका: उलटीत इम्युनोसप्रेसंटचा (रिजेक्शन रोखणाऱ्या औषधाचा) डोस पडून गेला असेल तर तो पुन्हा द्यायचा का, हे टीमला फोन करून विचारा. मनाने दुप्पट देऊ नका, मनाने सोडूही नका.

तिसरी पायरी: हळू येणारी ॲलर्जी ओळखणं

हा प्रकार जास्त फसवा, कारण इथे सूज नाही, पित्त नाही. आतड्याच्या किंवा अन्ननलिकेच्या अस्तरात इओसिनोफिल नावाच्या पेशी जमतात आणि अस्तर सुजत राहतं. मूल जेवायला कंटाळा करतं, एकेक घास बराच वेळ चघळतं, प्रत्येक घासामागे पाणी मागतं, घट्ट पदार्थ टाळून पातळच खातं. मोठा माणूस सांगतो की घास छातीत अडकतो. कुणाला आठवडेच्या आठवडे जुलाब होतात, शौचात रक्त येतं, वजन वाढत नाही, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी येतं. यांची आयजीई तपासणी बऱ्याचदा निगेटिव्ह असते. निदान होतं ते दुर्बिणीतून घेतलेल्या अस्तराच्या तुकड्यांवरून.

'खायला नखरे करतो' असं म्हणून यातल्या मुलांवर रागावलं जातं, हे ऐकून वाईट वाटतं. गिळताना दुखणारं मूल नखरे करत नसतं. ट्रान्सप्लांट झालेल्या मुलाची जेवण्याची पद्धत बदलली, तर ती तापाइतक्याच गांभीर्याने डॉक्टरांना सांगावी.

चौथी पायरी: नोंद ठेवा, पण नेमकी

'सकाळी नाश्ता केला, मग सूज आली' या वाक्यातून डॉक्टरांना काही हाती लागत नाही. नोंद अशी हवी:

मंगळवार. ८.०० टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट. ९.१० अर्धी वाटी दही, पावाचे दोन तुकडे, नव्या पाकिटातलं एक बिस्कीट. ९.२५ वरचा ओठ उजवीकडे सुजला, खाज. ९.४० हनुवटीखाली चार-पाच गांधी, श्वास ठीक, खोकला नाही. अँटिहिस्टामिन दिलं. ११.०० सगळं उतरलं. फोटो काढले. बिस्किटाचं वेष्टण ठेवलं.

आता यात वाचण्यासारखं किती आहे बघा. गोळ्या रिजेक्शन रोखणाऱ्या, सव्वा तास आधीच्या आणि रोजच्याच. खाण्यात आणि सुजेत पंधरा मिनिटांचं अंतर. तेच दही आणि तोच पाव आदल्या दिवशी काही न होता खाल्ला असेल, तर नजर सरळ बिस्किटाच्या वेष्टणावरच्या यादीकडे जाते. त्यात काजू किंवा तीळ निघाला, तर तपासणी दोन पदार्थांवर येते. वेष्टण फेकून दिलं असतं तर वीस पदार्थांवर राहिली असती.

त्या दिवशी नवीन औषध, ताप, व्यायाम, वेदनाशामक गोळी यांपैकी काही होतं का, तेही लिहा. या गोष्टी असलेल्या दिवशी तोच पदार्थ जास्त त्रास देऊ शकतो. फोटो वेळेसकट काढा. सूज दवाखान्यात पोचेपर्यंत ओसरते आणि मग विश्वास फोटोवरच बसतो.

पाचवी पायरी: ॲलर्जीसारखं दिसणारं दुसरं काही नाही ना

ट्रान्सप्लांटच्या पेशंटमध्ये ॲलर्जीचं निदान घाईने करणं धोक्याचं आहे, कारण तशीच दिसणारी दुखणी रांगेत उभी असतात आणि त्यातली काही जास्त गंभीर असतात.

जुलाब असतील तर मायकोफिनोलेट हे सगळ्यांत नेहमीचं कारण. त्याशिवाय सीएमव्ही या विषाणूचा संसर्ग, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा आतड्यातला जंतू, दूषित अन्न. मॅरोच्या पेशंटमध्ये जुलाब आणि अंगावरचं लाल पुरळ हे जीव्हीएचडीचं, म्हणजे दात्याच्या पेशींनी पेशंटच्या शरीरावर केलेल्या हल्ल्याचं लक्षण असू शकतं. तिथे पदार्थ बंद करून बघत बसलात तर उपचाराची वेळ निघून जाते. आणखी एक बाब पुष्कळांना सांगितलेलीच नसते: जुलाब सुरू असताना टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढू शकते. त्यामुळे चार दिवस जुलाब झाले की लेव्हल तपासायला सांगा, कारण काहीही असो.

नुसती सूज येत असेल, पित्त आणि खाज नसेल, तर रक्तदाबाच्या गोळ्या बघा. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल या गटातल्या गोळ्यांनी ओठ आणि जीभ सुजू शकते, औषध सुरू होऊन महिने उलटल्यावरही. सोबत सिरोलिमस किंवा एव्हेरोलिमस हे रिजेक्शन रोखणारं औषध असेल तर हा धोका वाढतो. ही सूज वेगळ्या रसायनामुळे येते आणि ॲलर्जीच्या औषधांना तिचा प्रतिसाद कमी असतो. घसा सुजत असेल तर मात्र कारण शोधत बसायचं नाही, आधी ॲड्रेनलिन आणि दवाखाना.

दूध प्यायल्यावर नुसतं पोट फुगणं आणि पातळ शौच हे बहुतेकदा लॅक्टोज न पचल्याचं लक्षण. केमोथेरपी किंवा आतड्याच्या संसर्गानंतर ते काही काळ होतं आणि त्यात जीवाला धोका नसतो.

सहावी पायरी: तपासण्या, आणि त्यांचा नीट अर्थ

ट्रान्सप्लांट टीम आणि ॲलर्जीतज्ज्ञ दोघांनी मिळून बघणं उत्तम. दोघांकडे एकमेकांची कागदपत्रं पोचवायचं काम मात्र बहुतेक वेळा घरच्यांनाच करावं लागतं.

त्वचेवरची प्रिक टेस्ट (पदार्थाचा थेंब टाकून त्वचेला हलकंसं टोचणं) आणि रक्तातली त्या-त्या पदार्थाची आयजीई तपासणी या दोन मुख्य. प्रिक टेस्टआधी अँटिहिस्टामिन काही दिवस, बहुतेकदा पाच ते सात, थांबवावं लागतं. जीव्हीएचडीमुळे त्वचा खराब असेल तर ती टेस्ट भरवशाची राहत नाही. मॅरो ट्रान्सप्लांटनंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत अँटिबॉडीच कमी असतात. तेव्हा निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ 'ॲलर्जी नाही' असा पक्का होत नाही.

पॉझिटिव्ह रिपोर्टचा अर्थही 'ॲलर्जी आहे' असा होत नाही. तो एवढंच सांगतो की शरीराने त्या पदार्थाविरुद्ध आयजीई तयार केली आहे. टॅक्रोलिमसवरच्या कित्येक मुलांमध्ये आयजीई वाढलेली सापडते आणि ती मुलं तोच पदार्थ आनंदाने खात असतात. म्हणून पन्नास-शंभर पदार्थांचं सरसकट पॅनल करू नये. नोंदवहीत संशय आलेल्या पदार्थांचीच तपासणी करावी. काही त्रास न होता खात असलेला पदार्थ केवळ कागदावरच्या आकड्यामुळे बंद करणं हे माझ्या मते या प्रवासातलं सगळ्यांत टाळण्याजोगं नुकसान आहे. बराच काळ बंद राहिलेल्या पदार्थाची सहनशीलता जाऊन खरी ॲलर्जी उभी राहू शकते. आणि 'आयजीजी फूड इनटॉलरन्स' नावाने विकल्या जाणाऱ्या तपासण्यांचा ॲलर्जीच्या निदानाशी संबंध नाही. त्यांवर पैसे घालवू नका.

शंका राहिलीच तर ओरल फूड चॅलेंज: दवाखान्यात, डॉक्टरांसमोर, तो पदार्थ कणाकणाने वाढवत खाऊन बघणं. घरी हा प्रयोग कधीही करू नये.

सातवी पायरी: सिद्ध झालेला पदार्थ पूर्ण बंद, बाकीचं पूर्ण चालू

या ॲलर्जीत सर्वाधिक सापडणारे पदार्थ म्हणजे दूध, अंडी, शेंगदाणे, काजू-अक्रोडासारखा सुकामेवा, मासे, सोया आणि गहू. ट्रान्सप्लांटच्या मुलांत एकाच वेळी दोन-तीन पदार्थांची ॲलर्जी असणं नेहमीचं आहे.

दूध बंद करायचं तर वेष्टणावर केसिन, केसिनेट, व्हे हे शब्द शोधावे लागतात. लॅक्टोज-फ्री दूध चालत नाही, त्यातली साखर काढलेली असते, प्रथिनं तशीच असतात. गायीऐवजी शेळीचं किंवा म्हशीचं दूधही चालत नाही, त्यांची प्रथिनं जवळजवळ सारखीच. अंड्यासाठी अल्ब्युमिन आणि लायसोझाइम बघा, तिळासाठी ताहिनी. ताकद येण्यासाठी दिल्या जाणाऱ्या पावडरींत बहुतेकदा दूध किंवा सोया असतो. पेशंटला ट्यूबवाटे आहार दिला जात असेल, तर त्या फॉर्म्युल्याचा डबाही वाचा. गरज पडल्यास डॉक्टर अमिनो ॲसिडवर आधारित फॉर्म्युला देतात.

ट्रान्सप्लांटच्या घरात हातोहात सॅनिटायझर फिरत असतो. तो जंतू मारतो, पण ॲलर्जी आणणारं प्रथिन हातावर तसंच राहतं. शेंगदाणे हाताळलेले हात साबण-पाण्यानेच धुवावे लागतात. ओटा, चमचे, पाटी यांनाही हेच लागू.

औषधांतही अन्न दडलेलं असतं. मिथाइलप्रेडनिसोलोनच्या ४० मिलिग्रॅमच्या काही बाटल्यांत गायीच्या दुधापासून काढलेलं लॅक्टोज असतं आणि त्यात दुधाच्या प्रथिनाचे अंश राहू शकतात. दुधाच्या ॲलर्जीवाल्यांना त्यातून रिॲक्शन आलेल्या आहेत, आणि २०१७ साली युरोपच्या औषध नियामक संस्थेने अशा पेशंटना ते देऊ नये असं सांगितलं. नेमकं हेच इंजेक्शन ॲलर्जीच्या उपचारातही वापरतात. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: दुधाची ॲलर्जी, लॅक्टोज असलेलं मिथाइलप्रेडनिसोलोन नको.

बंद केलेल्या पदार्थाची जागा भरणं हा यातला अर्धा भाग आहे. स्टेरॉइडने हाडं आधीच विरळ होत असतात. त्यात दूध गेलं तर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि प्रथिनं कुठून येणार, हे आहारतज्ज्ञांनी ग्रॅममध्ये लिहून द्यायला हवं. तांदळाच्या किंवा बदामाच्या दुधात प्रथिनं फार कमी असतात, बाळासाठी ती दुधाची बदली होत नाही. मुलाचं वजन आणि उंची दर भेटीत तक्त्यावर मांडून घ्या. पर्याय शोधताना ग्रेपफ्रूट आणि पोमेलो टाळा, त्यांनी टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिनची पातळी वाढते. 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' वनौषधी ॲलर्जीवर उपाय म्हणून सुरू करू नका. सेंट जॉन्स वर्टसारखी वनस्पती टॅक्रोलिमसची पातळी पाडते आणि रिजेक्शन ओढवू शकते.

आठवी पायरी: औषधांत बदल हवा का, हे टीमसोबत ठरवा

ॲलर्जी तीव्र असेल, अनेक पदार्थांची असेल किंवा आतड्याची सूज आटोक्यात येत नसेल, तर डॉक्टर टॅक्रोलिमसचा डोस कमी करतात, किंवा सायक्लोस्पोरिन वा सिरोलिमसकडे वळतात, कधी मायकोफिनोलेट जोडतात. काहींना याचा स्पष्ट फायदा होतो, काहींना होत नाही. प्रत्येक बदलात रिजेक्शनचा धोका असतो, म्हणून तो रक्ततपासण्यांच्या देखरेखीखालीच व्हावा. ॲलर्जीचं कारण टॅक्रोलिमस आहे असं वाचून एकही डोस स्वतः कमी करू नका. एका सुजेच्या भीतीने अवयव गमावण्याची वेळ येऊ नये. अन्ननलिकेतल्या इओसिनोफिलच्या आजारावर गिळायचं ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड वापरतात. आयजीईला अडवणाऱ्या ओमालिझुमॅब या इंजेक्शनला अमेरिकेत २०२४ साली अन्नाच्या ॲलर्जीसाठी मंजुरी मिळाली. ट्रान्सप्लांटच्या पेशंटला ते द्यायचं का, हे तज्ज्ञ प्रत्येकाची स्थिती पाहून ठरवतात.

शाळा, पाळणाघर, नातेवाईक, नोकरीची जागा, सगळीकडे एक पानी योजना द्या: कोणता पदार्थ, काय दिसलं तर काय करायचं, ॲड्रेनलिन कुठे आहे, टीमचा नंबर. ॲड्रेनलिनचे दोन डोस पेशंटसोबत फिरले पाहिजेत. कपाटात ठेवलेलं इंजेक्शन बाहेर जेवताना उपयोगाचं नाही. मुदत संपण्याची तारीख फॉलोअपच्या तारखांसोबत लिहा.

नववी पायरी: पुन्हा तपासा

ही ॲलर्जी कायमची असेलच असं नाही. दात्याकडून आलेली ॲलर्जी कित्येकदा काही महिन्यांत विरते, कारण अवयवासोबत आलेल्या पेशी हळूहळू संपतात. मॅरोच्या पेशंटमध्ये दात्याच्याच पेशी कायम राहत असल्याने ती जास्त टिकू शकते. टॅक्रोलिमसमुळे आलेली ॲलर्जी डोस उतरत गेल्यावर काही मुलांत कमी होते, काहींत वर्षानुवर्षं राहते. कोणाची जाईल हे आधी सांगता येत नाही, म्हणूनच वर्षातून एकदा तरी ॲलर्जीतज्ज्ञांकडे आयजीई आणि प्रिक टेस्ट पुन्हा करून बघावी. आकडे उतरत असतील, मधल्या काळात चुकून खाऊनही काही झालं नसेल, तर चॅलेंजची तारीख मागा. टीम सहसा रिजेक्शन किंवा संसर्ग नसलेला स्थिर काळ निवडते.

दूध किंवा अंड्याच्या बाबतीत चॅलेंज बऱ्याचदा भाजलेल्या पदार्थापासून सुरू होतो. केकसारख्या भरपूर भाजलेल्या पदार्थातलं दूध-अंडं काहींना चालतं, कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं चालत नाही. भाजलेलं चाललं तर पुढचा टप्पा तज्ज्ञ ठरवतात. चॅलेंज पास झाल्यावर तो पदार्थ आठवड्यातून दोन-तीनदा नियमित खाण्यात ठेवा. बरेच जण जुन्या भीतीने तो पुन्हा टाळायला लागतात, आणि मिळवलेली सहनशीलता अशाने परत जाऊ शकते. पहिले काही आठवडे ॲड्रेनलिन हाताशी असू द्या. ते कधी बंद करायचं, तेही तज्ज्ञांनाच ठरवू द्या.